रातवा, रोही आणि तुझी नात

गिरड,
७ नोव्हेंबर २०२५

प्रिय शालू,

लोबो लांडग्याची गोष्ट वाचून तुझ्या नातीनं रात्री जेवायचं नाकारलं, हे वाचून आधी हसले आणि मग आपण दोघी आठवलो. टेकडीवर सुपारीएवढे गोटे फ्रॉकच्या ओच्यात भरताना त्या दोन बंजाऱ्यांसाठी तू रडली होतीस. फरीदबाबांची टिंगल केली म्हणून त्यांच्या नारळ-सुपाऱ्यांचे दगड झाले, तर घरी त्यांची बायको काय म्हणाली असेल, हे तुझं दुःख! नात तुझ्यावरच गेलीय बाप्पा.

विचारतेस, प्राण्यांच्या गोष्टी लिहिणारा आपल्यात कोण? बरोबर पक्षी सप्ताहात विचारलंस. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बाराला सालिम अलींचा. मधले दिवस सरकारनं पाखरांच्या नावे लिहून दिलेत. जूनमध्ये चितमपल्ली गेले. पद्मश्री याच वर्षी मिळाली होती, त्र्याण्णवाव्या वर्षी. इतका उशीर का, ते देणारे जाणोत.

आधीच सांगते, ते काही बालसाहित्यिक नव्हते. टोपी घातलेला ससा नाही की शहाणपण सांगणारं कासव नाही. पण पोरांना मोठ्यांच्या ताटातलंच जास्त आवडतं, हे मला शनिवारी ओसरीवर वाचून दाखवताना कळलं. माडगूळकरांचं 'सत्तांतर' मात्र आताच देऊ नकोस. वानरांच्या टोळीतली मारामारी लोबोवर रडणाऱ्या पोरीला झेपायची नाही.

चितमपल्ली म्हणजे माणूस सोलापूरचा, १९३२ चा जन्म. घरची भाषा तेलुगू, गाव हातमागांचं. कोईमतूरला वनखात्याचं शिक्षण घेतलं आणि मग ३६ वर्षं त्याच खात्यात काढली: कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. म्हणजे उमेदीचा मोठा काळ आपल्याच मुलखात! १९९० ला निवृत्त झाले. २००६ ला सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण तिथवरची खरी वाट नवेगावबांधच्या तळ्याकाठून गेली असं मला वाटतं. तिथले माधवराव पाटील जंगलातले मोठे जाणकार. हा साहेब त्यांच्यासोबत हिंडला, विचारत राहिला, लिहून घेत राहिला. खाकी कपड्यातल्या माणसानं गावच्या माणसाला "हे काय आहे?" म्हणून विचारायचं आणि उत्तर खरं धरायचं, ही गोष्ट केवढी आहे ते आपल्याला ठाऊक. आपल्या लहानपणी खाकी दिसली की सरपणाची मोळी टाकून बाया पळायच्या.

त्यातून शब्द आले. जे लोकांकडे सापडले नाहीत ते त्यांनी संस्कृत शिकून घडवले. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार. हंसदेव नावाच्या तेराव्या शतकातल्या जैन कवीचं 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणलं. वर्तमानपत्रं छापतात, मराठीला एक लाख शब्द दिले. मोजले कोणी? आणि त्यांचं ते 'अरण्यऋषी' बिरुद मला अजिबात आवडत नाही. ऋषी म्हटलं की हात जोडून मोकळं होता येतं. रोज वही उघडून, काय दिसलं ते लिहिणारा नोकरदार माणूस होता तो.

तर ऐक. मागच्या शनिवारी मी 'रातवा' पुस्तक काढलं. अजून पान उलटलं नव्हतं, तर कोपऱ्यातलं एक पोट्टं म्हणते, "बाई, रातवा म्हंजे ते का, जे रोडावर बसून रायते?" मी म्हटलं, बसत असेल. झालं. अंधार पडताच पोरांनी मला स्कूटी काढायला लावली. समुद्रपूर रस्त्याला लागलो आणि लाइटच्या उजेडात डांबरावर दोन ठिणग्या दिसल्या, विडीच्या टोकासारख्या लाल. मी हळू केली. ठिणग्यांच्या मागे काहीच नाही; वाळलेल्या पानांचा पुंजका म्हणावा असं काहीतरी. चाक अगदी जवळ गेलं तेव्हा त्या पुंजक्याला पंख फुटले आणि आवाज न करता ते बाजूच्या तुरीत शिरलं. दिवसभर तापलेल्या डांबरावर ते येऊन बसतं. घरटं करत नाही, अंडी उघड्या जमिनीवरच घालतं. शालू, चाळीस वर्षं त्या रस्त्यानं जाते मी. तो मला दगड वाटायचा. नाव कळलं त्या रात्री परत येताना चार दिसले.

तुझ्या नातीचा लोबो लिहिणाऱ्या त्या सेटनवरही तिकडे टीका झाली होती ना? १८९८ मध्ये लोबो पुस्तकात आला आणि पाचेक वर्षांत जॉन बरोज म्हणाला, हे खोटे निसर्गलेखक, जनावरांच्या डोक्यात माणसाचं डोकं घालतात. चितमपल्लींच्या लिखाणातही डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं शेजारी शेजारी बसतं. कुठे कुठे मलाही खटकतं, पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढते. पण टेकडीवरचा गोटा हातात घेऊन मी पोरांना दोन्ही सांगतेच: हे झिओलाइट नावाचं खनिज, आणि हे बंजाऱ्याचं नारळ. अजून एकानंही गोंधळ केलेला नाही. कुठलं परीक्षेत लिहायचं नि कुठलं रात्री आठवायचं, त्यांना बरोबर कळतं.

एक भानगड झालीये. 'रानवाटा' तुला पाठवणार होते, पण माझ्या कपाटात वाळवीनं त्याचा कोपरा खाल्ला. चूक माझी, पावसाळ्यात उघडून पाहिलंच नाही. नागपूरहून नवं मागवते. पार्सलात वायगावची हळदही टाकते, तिकडची पिवळी पूड तुला पुरत नाही म्हणतेस.

नातीला एक काम दे. तुमच्याकडेही रातव्याच्या गोतातलं पाखरू असतं, उन्हाळ्यात येतं आणि थंडीआधी दक्षिणेला जातं. त्याचं पुस्तकातलं नाव मला नको. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून, जमलंच तर तिथल्या मूळच्या लोकांपैकी कोणाकडून, त्यांचं नाव विचारून घ्यायला सांग. ओसरीवरची पोट्टी वाट पाहतायत. ती आपल्याकडून 'रोही' देणार आहेत, कारण तिच्या पुस्तकात त्याला नीलगाय म्हणत असतील आणि काल रात्री त्यानं आमचा हरभरा खाल्ला तेव्हा मी त्याला काय म्हटलं, ते पत्रात लिहिता येत नाही.

तुझी,
कुसुम