रात्री मोजून केलेली युरोपवारी

युरोपला जायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, किती देश? आमच्या घरी प्रश्न वेगळा होता. बाबांचे वय ७७, गुडघे कुरकुरणारे आणि इच्छा एकच, लिस्बन पाहायचे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ते १३ वर्षांचे होते. सकाळी पोर्तुगीज शाळा आणि संध्याकाळी देवळातली मराठी शाळा, असे त्यांचे बालपण. काकांना हा बेत मुळीच पटला नाही. "ज्यांनी साडेचारशे वर्षे राज्य केले, त्यांच्याकडे आता पैसे द्यायला जायचे?" असे ते म्हणाले. बाबा काहीच बोलले नाहीत.

सहल कंपनीच्या पत्रकात १२ दिवसांत ७ देश होते, पण लिस्बन नव्हते. मग आम्ही देश सोडून रात्री मोजायला घेतल्या. शेंगेन व्हिसाही मुक्कामाचे दिवसच मोजतो. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. आमच्या ९ रात्रींपैकी ६ लिस्बनला आणि ३ पॅरिसला, म्हणून अर्ज पोर्तुगालकडे केला. सोबत ३०,००० युरोचा प्रवास विमा आणि मुक्कामाची आरक्षणे जोडली. लिस्बन ते पॅरिस थेट रेल्वे नाही, तेव्हा तो टप्पा विमानाचा. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही तिघे निघालो.

आता हॉटेल. लिस्बन टेकड्यांचे शहर, जिथे तिथे चढ आणि पायऱ्या. त्यात सपाट भाग म्हणजे बायशा. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने तो उद्ध्वस्त झाला आणि मार्क्विस पोंबालने सरळ रस्ते आखून नव्याने उभारला. तिथल्या एका जुन्या इमारतीतले वीस-बावीस खोल्यांचे बुटीक हॉटेल आम्ही निवडले. बुटीक म्हणजे पंचतारांकित थाट नव्हे. खोल्या थोड्या, प्रत्येकीची ठेवण निराळी, आणि चार दिवसांत सगळे तुम्हाला नावाने ओळखू लागतात. लिफ्टमध्ये जेमतेम दोन माणसे मावत, पण लिफ्ट होती हे महत्त्वाचे. खोलीच्या जनेलातून समोरचे लोखंडी कठड्याचे बलकांव दिसले तेव्हा बाबा म्हणाले, "हे तर आपले फोंतेन!"

सहापैकी दोन दिवस आम्ही मुद्दाम मोकळे ठेवले होते. दुसऱ्या सकाळी पाव आणि कॉफी झाल्यावर काउंटरवरच्या बाईंनी नकाशा पसरून सिंत्राच्या राजवाड्यांवर खूण केली. बाबांनी साठ वर्षांत न बोललेल्या पोर्तुगीजमध्ये अडखळत विचारले, "काशियश आणि पेनिश कुठे?" बाईंचे पेन थबकले. काशियशच्या तुरुंगात मोहन रानडे होते. सावईवेरेला शिकवणारे रानडे मास्तर १९६९ मध्ये सुटले, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे ते आत होते. पेनिशच्या किल्ल्यात त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना ठेवले होते. बाबांनी हे सांगितल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "तिथे आमचीही माणसे होती." सालाझारच्या राजवटीने स्वतःच्या लोकांनाही तिथेच डांबले होते.

सिंत्रा राहिले. काशियशला अजूनही तुरुंगच आहे, तो आम्ही बाहेरूनच पाहिला. बसने दीड तासावरच्या पेनिशच्या किल्ल्यात मात्र एप्रिल २०२४ पासून प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. खाली अटलांटिकच्या लाटा आदळत होत्या. बाबा एकेक पोर्तुगीज फलक वाचून आम्हाला मराठीत सांगत होते. मध्येच थांबून म्हणाले, "ही भाषा शाळेत छड्या खाऊन शिकलो. ती इथे वाचण्यासाठी उपयोगी पडेल असे कधी वाटले नव्हते."

तुम्ही वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर हॉटेलला तीन गोष्टी आधी विचारा. लिफ्ट आहे का, दारापर्यंत चढ किती आणि काउंटरवर रात्री कोणी असते का. आणि एक-दोन दिवस रिकामे ठेवा. आपल्याला खरोखर काय पाहायचे आहे, हे बऱ्याचदा तिथे गेल्यावरच सुचते.

निघताना बिलावर शहराचा पर्यटन कर लावला होता. माणशी रात्रीला ४ युरो, म्हणजे तिघांचे सहा रात्रींचे ७२. पैसे बाबांनीच दिले आणि पावती घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, "ही काकाला दाखवीन. ह्या लोकांना कर पूर्वी सक्तीने भरला, ह्या वेळी हौसेने!"