बाई, फासा टाकू का?

मुलांनो, सापशिडी तुम्ही सगळ्यांनीच खेळली असेल. तिथे आपल्या हातात काहीच नसतं. दान पडेल तसं पुढे जायचं आणि नव्वदीच्या घरात सापाने गिळलं की मुकाट्याने खाली यायचं! बुद्धिबळात अगदी उलट. तिथे फासाच नाही. हरलात तर दोष तुमचा. पण या दोघांच्या मधोमध बसणारा एक खेळ आहे, आणि त्यात मी, म्हणजे चौथीच्या बाई, एकदा चांगलीच चुकले. तीच गोष्ट आज सांगते.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो आला तो खिशात वीस बाजूंचा फासा घेऊनच. हो, वीस! प्रत्येक बाजू त्रिकोणी आणि त्यांवर १ ते २० आकडे. हा फासा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाच्या खेळातला. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली प्रथम छापून आला. यात एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. "समोर नदी आहे, काय कराल?" असं सूत्रधाराने विचारायचं आणि ज्याने त्याने सुचेल ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल, तिथे फासा टाकायचा. एका परीने भातुकलीच म्हणा ना, फक्त नियम असलेली.

मला खेळ फार आवडला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पाच-सहा मुलांना घेऊन मी तो मांडला. राक्षस आणि ड्रॅगन बाजूला ठेवून आपल्या ओळखीचा गड घेतला. गडावर रातोरात एक गुप्त पत्र पोचवायचं, एवढीच गोष्ट.

पण मी काय करायचे माहीत आहे? ऊठसूट फासा! दोर बांधलास? टाक फासा. निम्मा कडा चढलास? टाक फासा. वर हात पोचला? पुन्हा टाक. ११ किंवा त्याहून जास्त पडलं तर जमलं. आता तुम्हीच हिशेब करा. ११ ते २० म्हणजे विसांपैकी दहा आकडे, म्हणजे निम्मी संधी. तीनदा लागोपाठ जमायला हवं, म्हणजे निम्म्याच्या निम्म्याचं निम्मं. आठांत एकदा! पोरं धपाधप पडू लागली. एक जण वैतागून म्हणाला, "बाई, मी रोज चिंचेवर चढतो. एकदापण पडलो नाही. मग गोष्टीतच कसा काय पडतो?"

मी ते हसण्यावारी नेलं. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. शेवटच्या बाकावर बसते. वाचताना अडखळते आणि मग मुलं हसतात, म्हणून ती बोलतच नाही. खेळातही नुसती ऐकत बसायची. त्या शनिवारी मात्र गडाच्या दाराशी सगळ्यांची अडचण झाली, तेव्हा ती एकदम पुढे सरकली. म्हणाली, "दादा, दार उघडा ना. माझं बाळ वरती आहे. त्याला दूध पाजायचंय. तुमच्या आईनं पण तुम्हाला असंच पाजलं असेल ना?" हिरकणीची गोष्ट तिने बरोबर उलटी फिरवली होती! एकदाही न अडखळता. वर्ग चिडीचूप.

आणि मी म्हटलं, "छान. टाक फासा."

तीन पडले. मी आपली सवयीने बोलून गेले, "पहारेकऱ्याने तुला हाकलून दिलं." तिने फासा हळूच माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मला माहीतच होतं, बाई." पुढच्या शनिवारी ती आली नाही.

डी.एड.ला प्रश्न कसे विचारावेत ते शिकवलं होतं हो, पण कधी विचारू नयेत याचा धडा काही आठवेना. रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, फासा मागण्याआधी मनात दोन प्रश्न विचार. यातलं काहीही घडू शकतं का? आणि नाही जमलं, तर गोष्टीत पुढे काही घडणार आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच फासा." चिंचेवर चढणाऱ्या मुलाला साध्या भिंतीसाठी फासा नको. तळघराची किल्ली सापडली नाही तर गोष्टच अडून बसते, मग तिथेही नको. किल्ली सापडू द्यावी. हिरकणी रायगडाचा कडा उतरली असं सांगतात. तिथे मात्र हवा, पण अख्ख्या कड्याला एकच! प्रत्येक खाचेला फासा मागितला असता तर बिचारी बाळापर्यंत पोचलीच नसती.

हा घोळ माझ्या एकटीचाच नव्हे, बरं का. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर लढाई खेळायचे नियम छापले. त्यात फासे, कोष्टकं आणि निवाडा करणारा पंच असे. नियमांचं ओझं फार होतं, म्हणून १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या दुसऱ्या अधिकाऱ्याने सुचवलं की पंचाने आपल्या अनुभवावरूनच निकाल द्यावा. मोठमोठ्या सेनाधिकाऱ्यांनाही हे उमगायला पन्नास वर्षं लागली!

मला पंधरा दिवस लागले. मी तिला मधल्या सुट्टीत गाठलं आणि म्हटलं, "त्या दिवशी बाईंचं चुकलं. तुझं बोलणं ऐकून कुठल्याही पहारेकऱ्याने दार उघडलं असतं. फासा मागायलाच नको होता." ती काही बोलली नाही. पालकहो, मुलांपुढे चूक कबूल केली की सगळं लगेच सुरळीत होतं असं मात्र समजू नका. तो शनिवारही तिच्यावाचून गेला.

त्याच्या पुढच्या शनिवारी ती आली. दाराजवळच बसली. मी गोष्ट तिथूनच उचलली. "पहारेकऱ्याने डोळे पुसले आणि दिंडी उघडली." पोरं भराभर आत शिरली. ती मात्र थांबली. "बाई," ती म्हणाली, "तो कुणाला सांगणार तर नाही ना?"

मी विचारात पडले. तसा तो भला माणूस, पण नोकरीची भीती त्यालाही असणारच. काय होईल, मलाही खरंच ठाऊक नव्हतं.

"बाई, फासा टाकू का?"

"टाक."

फासा घरंगळत कपाटापाशी गेला. सगळे त्यावर ओणवे झाले. चार! एकच आरडाओरडा झाला, आणि त्या गोंगाटात सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता, "अरे पळा! आधी ते पत्र लपवा!"