सस्पेन्स खाते

आमच्या घराण्यात तीन पिढ्या कल्पनाशक्तीचा उपद्रव नाही. आजोबा गुळाच्या अडतीत दिवाणजी, वडील सोसायटीत हिशेबनीस, आणि मी बी. कॉम. होऊन बँकेच्या काउंटरमागे जो बसलो तो अजून उठलेलो नाही. (लंच टाइमबद्दल गिऱ्हाइकं काय म्हणतात, तिकडे वाचकांनी लक्ष देऊ नये.) आमच्या धंद्यात कल्पनाशक्ती वापरणाऱ्याला आधी सस्पेंड करतात आणि मग चौकशी करतात. व्हाउचर नाही तर एंट्री नाही, एवढीच आमची गीता.

अशा घरात कन्या दहावी पास झाली आणि म्हणाली, "बाबा, मला सायन्सला जायचंय."

"का?"

"रॉकेट करायचंय."

डॉक्टर व्हायचंय म्हणाली असती तर फीच्या आकड्यावर वाद घालता आला असता. रॉकेटचा आकडाच मला ठाऊक नव्हता! चौकशीअंती गुन्ह्याचं मूळ तिच्या उशाखाली सापडलं. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि एच. जी. वेल्सची ती मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी.

"गोष्टी वाचून कुणी शाखा ठरवतं का?" मी आवाज चढवला.

"तुम्ही कशावरून ठरवली होती?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला. "शेजारचे काका बँकेत पंख्याखाली बसतात, हे बघून ना? ती निदान वाचून तरी ठरवतेय."

या बाजूने हल्ला येईल अशी अपेक्षा नव्हती. मी दोन्ही पुस्तकं जप्त केली आणि ऑडिट करायचं ठरवलं. गोष्टीतून खरोखर काही निघाल्याचं व्हाउचर मिळालं नाही, तर कॉमर्स.

पहिली अनियमितता लगेच सापडली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. नाव खोटं, अक्षर दुसऱ्याचं. आमच्या बँकेत अशा माणसाचं बचत खातंसुद्धा उघडलं नसतं. परिषदेने पहिलं बक्षीस दिलं.

मग वेल्सकडे वळलो आणि तिथे माझी पंचाईत झाली. त्याची कादंबरी 1898 साली पुस्तकरूपाने आली. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड नावाच्या एका किडकिडीत, आजारी मुलाने ती वाचली. 19 ऑक्टोबर 1899 ला, सतरा वर्षांचा असताना, तो फांद्या तोडायला चेरीच्या झाडावर चढला आणि मंगळापर्यंत जाणारं यंत्र करता आलं तर काय बहार होईल, असा विचार करत बसला. आमच्याकडे मुलगा झाडावर बसून असा विचार करू लागला असता तर खालून चप्पल आली असती. गोडार्ड खाली उतरला तो निराळा होऊनच, आणि पुढे जन्मभर ती तारीख वाढदिवसासारखी पाळत राहिला.

1920 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याची टर उडवली. अंतराळात रॉकेटला रेटा द्यायला हवा नाही, शाळेत शिकवतात तेवढंही या प्रोफेसरला ठाऊक नाही, असा एकूण सूर. 16 मार्च 1926 ला गोडार्डने द्रव इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. ते अडीच सेकंदांत 41 फूट वर गेलं आणि कोबीच्या वाफ्यात पडलं. 41 फूट म्हणजे आमच्या चाळीवरून पतंगसुद्धा याहून वर जातो. पण 16 जुलै 1969 ला अपोलो 11 चंद्राकडे निघालं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्राने चुकीची दुरुस्ती छापली. 49 वर्षांनी! आमच्याकडे एक रुपयाचा फरक राहिला तर त्याच संध्याकाळी क्लार्कला थांबवून ठेवतात. गोडार्ड तर 1945 सालीच वारला होता.

पण हे सगळं मूळ गोष्टीच्या नावावर टाकायला व्हाउचर? तेही निघालं. 1932 साली गोडार्डने खुद्द वेल्सला पत्र लिहून ते ऋण कबूल केलं होतं. कर्जदार आपण होऊन कर्ज कबूल करतो हे माझ्या नोकरीत मी एकदाही पाहिलेलं नाही.

तरी मी हार मानली नाही. डेबिटची बाजू काढली.

"हे बघ," मी कन्येला म्हटलं, "याच तुझ्या वेल्सने 1914 च्या कादंबरीत अणुबाँब लिहिला. लिओ झिलार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने 1932 मध्ये ती वाचली, पुढच्याच वर्षी लंडनच्या रस्त्यात त्याला अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली, आणि 1945 ला हिरोशिमा. तुझ्या गोष्टींनी हेही केलं."

"आणि जपानवर बाँब टाकू नका म्हणून त्याच वर्षी अर्ज लिहून सह्या गोळा करत कोण फिरत होतं?" कन्या म्हणाली. "तोच झिलार्ड ना? शेवट काय होतो ते त्याने वाचलेलं होतं, बाबा."

हे पोरगं दहावीत पाठांतर करत होतं की वकिली?

त्या रात्री मला झोप येईना, आणि पडल्या पडल्या आमच्या लेजरमधलं एक खातं आठवलं. सस्पेन्स खातं. जी रक्कम कुणाची, कशापोटी आली ते कळत नाही, ती तिथे टाकून ठेवतात. ऑडिटर त्या खात्याकडे संशयाने बघतो, साहेब टाळतात. पण म्हणून कुणी ती रक्कम फेकून देत नाही, कारण एक दिवस खरा धनी येतो आणि म्हणतो, अहो, ही माझी. विज्ञानकथा दुसरं काय करतात? धनी जन्मायच्या आधीच रक्कम जमा! दहा वर्षं हक्क न सांगितलेल्या ठेवी आम्ही रिझर्व्ह बँकेच्या फंडात वर्ग करतो. इथे तीही मुदत नाही. 'डिक ट्रेसी' या चित्रकथेतल्या पोलिसाने 1946 साली मनगटावर बोलायचा रेडिओ बांधला. मार्टिन कूपरने 3 एप्रिल 1973 ला न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून हातातल्या फोनवर पहिला कॉल लावला, तोही प्रतिस्पर्धी कंपनीतल्या माणसाला, त्याला खिजवायला. हा कूपर पुढे डिक ट्रेसीचं ऋण सांगत आला. 27 वर्षांनी खातं मिटलं.

माझ्या मुलीच्या नावावर तिथे काही जमा आहे की नाही, मला काय ठाऊक? पण नाहीच, असा दाखला मी कुठल्या अधिकाराने देणार होतो?

सकाळी ती अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायला बसली. मी पेपर आडवा धरून चहा पीत होतो. शाखेच्या रकान्यात ती काय करतेय ते मी बघितलं नाही. म्हणजे, बघितलं.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला.

"बाबा, ओटीपी आलाय तुमच्या मोबाइलवर. तो टाकल्याशिवाय अर्ज जाणार नाही."

रोज पन्नास माणसांना मी काउंटरवरून बजावतो : ओटीपी कुणालाही सांगू नका, सख्ख्या मुलाला नाही, कितीही गोड बोलला तरी नाही. त्याची पाटीसुद्धा माझ्याच अक्षरात माझ्याच डोक्यावर लावलेली आहे.

मी चष्मा पुसला आणि सहाही आकडे मोठ्याने वाचून दाखवले. दोनदा. चूक नको व्हायला.