बुडाला भोक असलेली वाटी

जालन्याला कुणी फिरायला येत नाही. येतात ते सळई, बियाणं नाहीतर मोसंबीच्या भावासाठी, आणि काम उरकलं की लगेच परततात. 'जालना सोने का पालना' ही म्हणसुद्धा बाजारपेठेच्या बरकतीची, प्रेक्षणीय स्थळांची नव्हे.

मी मात्र पाहुण्याला जुन्या जालन्यात आधी काळ्या मशिदीकडे नेतो. ती बांधणाऱ्या जमशेदखानानेच सराई आणि हमाम उठवला, मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून तिथलं पाणी गावातल्या हौदांत आणलं. मस्तगड किल्ला त्यानंतरचा, 1725 सालचा. पहिल्या निजामाच्या हुकुमावरून काबिलखानाने बांधलेला. तिकडे दक्षिण स्पेनमध्ये अरबांनी अल्हंब्राच्या महालात खेळवलेलं पाणी बघायला जगभरची माणसं तिकीट काढून रांगा लावतात. इथले नळ कधीच निकामी झाले. 2012-13च्या दुष्काळात जालना टँकरवर जगलं, तेव्हा जमशेदखानाची फार आठवण आली.

पडके दगड बघून पाहुणा कंटाळतो. मग जिलेबी.

तई सपाट, तूप फार खोल नाही. आंबलेलं पीठ फडक्यात भरून कारागीर मूठ आवळतो. फडक्याच्या भोकातून धार सुटते आणि मनगट फिरतं. वेढे तुपात आधी बुडतात, मग फुगून वर येतात. झाऱ्याने उलटायचे, निथळायचे, की थेट गरम पाकात. पाक थंड असला तर जिलेबी तो पीत नाही, नुसती चिकट होते.

तेराव्या शतकातल्या एका अंदालुसी, म्हणजे त्याच अरबी दक्षिण स्पेनमधल्या, पाकपुस्तकात 'झुलाबिया'ची कृती आहे: पीठ उबेला ठेवून फुगवा, बुडाला भोक असलेल्या वाटीतून तापलेल्या तेलात गोल गोल सोडा, मसाला घातलेल्या मधात बुडवा. वाटीच्या जागी फडकं, तेलाच्या जागी तूप आणि मधाच्या जागी साखर, एवढाच काय तो फरक. 1492मध्ये तिथलं अरबांचं ग्रानादा पडलं, तरी अरबी गोडधोड काही हद्दपार झालं नाही. मेदिना सिदोनिया या गावाचा मध-बदामाचा अल्फाखोर आजही प्रसिद्ध आहे, आणि अंदालुसियातल्या कितीतरी मठांत ख्रिस्ती जोगिणीच असली मिठाई करून विकतात!

आमचंही तेच: राज्य गेलं, गोडधोड राहिलं. 17 सप्टेंबर म्हणजे मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला तो दिवस. सकाळी झेंडावंदन होतं आणि येताना आमच्या घरी पुडा येतो तो जिलेबीचाच. त्यात कुणाला काही विसंगत वाटत नाही, आणि वाटूही नये.

हे सगळं एकदा उत्साहाच्या भरात मी तईवरच्या कारागिरालाच ऐकवलं. त्याने झारा न थांबवता ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, पाव देऊ का अर्धा?"