शेंगोळ्यांचं देणं

आमच्या घरी आता कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा पास्ता मागून खाल्ला जातो. याचं श्रेय डिंगोऱ्याच्या माझ्या आत्याचं आहे. पास्ता तिनं पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच स्वयंपाकघरात.

ओतूरहून माळशेज घाटाकडे निघालं की डिंगोरे लागतं. आई-वडील दिवसभर रानात असायचे, त्यामुळे माझं लहानपण आत्याच्या चुलीपाशी गेलं. थंडीत ती हुलग्याचे शेंगोळे करायची. हुलग्याच्या पिठात थोडं गव्हाचं पीठ, लसूण-मिरचीचं वाटण आणि मीठ घालून घट्ट मळायची, बोटाएवढे शेंगोळे वळायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. शिजता शिजता पिठानं पाणी दाट व्हायचं, त्याचाच रस्सा. मी ताटली पुढे करायचे, एवढाच माझा त्या स्वयंपाकाशी संबंध होता.

लग्न होऊन पुण्याला आले. काही वर्षांनी यजमानांची साखर वाढली. डॉक्टरांनी मैदा कमी करून कोंड्यासकट धान्य खायला सांगितलं. मुलाला पास्ता प्रिय, म्हणून सगळ्यांसाठीच गव्हाच्या पिठाचा पास्ता आणला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम कणकेत सुमारे 11 ग्रॅम तंतू दिले आहेत, मैद्यात 3 ग्रॅमहूनही कमी. मला आकडे पटले, पण मुलाच्या जिभेला त्यांचं काय! मी पास्ता उकळून, गार पाण्याखाली धुऊन पांढऱ्या सॉसमध्ये घालायचे. तो एक घास खाऊन ताटली सारायचा आणि मी "चांगलं असतं, खा" म्हणत राहायचे.

त्याच सुमारास आत्या डोळे तपासायला पुण्याला आली. तिनं घास घेतला, चावला आणि विचारलं, "शिजवल्यालं पाणी कुठंय गं?" ओतून दिलं म्हटल्यावर म्हणाली, "मग चव कुठून यायची? आन् दुधात कोंडा कडूच लागणार. त्याला आंबट-तिखट पायजे."

दुसऱ्या दिवशी तिनं मला शेजारी उभं करून रस्सा केला. तेलात भरपूर लसूण, कांदा, लाल मिरची आणि नारायणगावकडचे पिकलेले टोमॅटो, तेल सुटेपर्यंत परतलेले. पास्ता मीठ घातलेल्या पाण्यात थोडा कच्चा असतानाच काढला आणि त्याच पाण्याच्या दोन पळ्या घालून रश्शात शिजू दिला. पाण्यात उतरलेल्या पिठानं रस्सा दाटला आणि पास्त्याला धरून राहिला. वरून तिनं भाजलेले तीळ, सुकं खोबरं आणि लसूण भरडून पेरलं. आमच्या जुन्नर भागातल्या मासवडीच्या सारणाचीच ती चव होती. मुलासाठी तिनं एक तोड सांगितली: आधी निम्मा नेहमीचा आणि निम्मा हा, मग हळूहळू याचं प्रमाण वाढवायचं. तसंच केलं. मुलगा कधी पूर्णपणे या पास्त्यावर आला, ते त्याला कळलंही नाही.

पुढे मी या विषयावर थोडं वाचू लागले. शेवयांसाठी आत्या हट्टानं बन्सी गहूच मागायची. इटलीतला सुका पास्ता ज्या कठीण ड्युरम गव्हाचा करतात, त्याच प्रकारातला हा आपला बन्सी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस 4028 हे ड्युरमचं वाण विकसित केलं आहे. त्यात प्रथिनं सुमारे 14.7 टक्के. हे वाचताना मला आत्याचा हट्ट आठवला. शेवयांना चिवटपणा कोणता गहू देतो, हे तिच्या हातांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

हल्ली सोसायटीतल्या बायका पास्त्याची कृती विचारतात. मी कृती सांगते आणि ती कुणाची तेही सांगते. पण तिचं मोठं देणं कृतीपलीकडचं आहे. "अंगाला चांगलं असतं" म्हणून आत्यानं आम्हा पोरांना कधीच काही खायला लावलं नाही. जे होतं ते हुलगा, बाजरी, नाचणी. ते आवडीनं खाल्लं जावं ही जबाबदारी तिनं स्वतःकडे घेतली होती. मी ती जबाबदारी मुलावर टाकत होते. आता ताटलीत काही उरलं, तर आधी मी रश्शाची चव घेऊन बघते.