वहिनींचा नवा वाचक

साठी उलटल्यावर माणसानें नवीं शास्त्रें शिकूं नयेत, असें कोणत्याही स्मृतींत लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. तथापि आमच्या घरांतील मंडळींची समजूत मात्र तशी होती. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत थोडें व्याकरण व काव्य केलें आणि त्या शिदोरीवर चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें. संगणक म्हणजे मुलांचें व नातवंडांचें क्षेत्र; आमचा त्याच्याशीं संबंध धूळ पुसण्यापुरता. असें असतां गेल्या पावसाळ्यांत त्याच संगणकाच्या काळ्या चौकटींत आज्ञा लिहीत रात्रीं अकरापर्यंत बसण्याची पाळी आमच्यावर आली. ती कां आली व तिच्यांतून काय निष्पन्न झालें, हें वाचकांस सांगावें असें बरेच दिवस मनांत होतें.

आमच्या वडील बंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आतां अठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या लग्न होऊन घरांत आल्या तेव्हां आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतों. शहरांतील वाड्यांतल्या दोन खोल्यांचा तो संसार. आम्ही शेगडीजवळ बसून शब्दरूपें घोकावीं आणि वहिनींनीं पोळ्या लाटतां लाटतां समोर उघडें ठेवलेलें पुस्तक पाहून आमची चूक धरावी, असा परिपाठ होता. त्यांना संस्कृत येत नव्हतें. परंतु "भाऊजी, येथें शेवटीं दोन टिंबें आहेत, तीं तुम्हीं खाल्लींत," असें त्या हटकून सांगत. आमच्या संस्कृताचा पहिला परीक्षक तो.

पुढें वाडा सुटला, आम्ही सर्व विश्रांतवाडीस राहावयास आलों. दादा जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. त्यानंतर वहिनींचा सगळा दिवस वाचनावर चाले. वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचल्याखेरीज त्यांना जेवण गोड लागत नसे. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजूं लागला. हा विकार मोठा विचित्र. कडेचें दिसतें, मधलें पुसून जातें. त्या घरांत एकट्या हिंडतात, भांड्याला भांडें लागूं देत नाहींत. परंतु समोर धरलेलें अक्षर अथवा समोर आलेल्या माणसाचा चेहरा मात्र दिसत नाहीं. गेलेली दृष्टि परत येणार नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें.

मग घरांत वाचनाच्या पाळ्या लागल्या. सकाळीं चिरंजीवांनीं मथळे वाचावे, दुपारीं सूनबाईंनीं मासिक, आणि सायंकाळीं एक तास आम्हीं. पहिला महिना उत्साहाचा गेला. दुसऱ्या महिन्यांत चिरंजीवांची कचेरी लवकर सुरू होऊं लागली. आमचाही एक तास अर्ध्या तासावर आला, आणि खरें सांगावयाचें तर आम्ही मधले परिच्छेद गाळूं लागलों. एके दिवशीं वहिनी शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, आज वर्तमानपत्र फार पातळ आलेलें दिसतें." आम्ही हसण्यावारीं नेलें. त्यानंतर मात्र त्या "आज नको, डोकें जड आहे," असें सांगूं लागल्या. आम्हांला तें सोयीचें वाटलें, हें लिहितांना लाज वाटते.

एके दुपारीं पाणी पिण्यासाठीं उठलों तों काय पाहतों? वहिनी खिडकीपाशीं वर्तमानपत्र मांडीवर पसरून बसल्या होत्या आणि ठराविक वेळानें पान उलटीत होत्या. समोरच्या इमारतींतल्या बायकांना वाटावें कीं या वाचीत आहेत. पत्र उलटें धरलेलें होतें. आम्ही पाणी न पितां परत फिरलों.

त्या रात्रीं नातीला विचारलें. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. ती म्हणाली, "आजोबा, मोठ्या आजीला वाचून दाखवणारें साधन आहे, फुकटही आहे. पण तें बसवावें लागेल. मी सांगते, तुम्ही करा. सोमवारपासून माझी परीक्षा आहे, आणि बिघडलें तर दुरुस्त करायला घरांत तुम्हीच असणार." आम्ही कुरकुर केली, परंतु तिचें म्हणणें खोडतां येईना.

तिनें आपला जुना संगणक काढून दिला. त्यावर लिनक्सच्या जातीची, कोणासही विनामूल्य घेतां येणारी व्यवस्था होती. पूर्ण अंध माणसासाठीं अशा व्यवस्थेंत ऑर्का नांवाचा वाचक आधींपासूनच असतो. परंतु तो पडद्यावरील प्रत्येक कळीचें व खिडकीचें नांव उच्चारीत राहतो, आणि वहिनी त्यानें गोंधळून गेल्या. त्यांना पडद्यावर मजकुराचा करडा ठोकळा कोठें आहे एवढें कळतें. हवा होता तो त्या ठोकळ्याचा उच्चार.

संगणकाकडून काम करविण्याच्या रीती दोन. एक चित्रांची: चिन्हावर बाण न्यावा आणि टिचकी द्यावी. दुसरी लेखनाची: टर्मिनल नांवाच्या काळ्या चौकटींत आज्ञा टंकावी आणि उत्तर वाचावें. पहिलींत जेवढें मांडून ठेवलें असेल तेवढेंच मागतां येतें. दुसरींत दोन लहान साधनें जोडून तिसरें काम करवितां येतें. आम्हांस दोन साधनें लागणार होतीं. पडद्यावर खिडक्या काढणारी 'एक्स' नांवाची व्यवस्था १९८४ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत जन्मली. तिच्यांत अशी सोय आहे कीं, बाणानें मजकूर नुसता रंगविला तरी तो 'निवड' म्हणून वेगळा धरून ठेवला जातो. 'एक्सक्लिप' हें साधन ती निवड उचलून देतें. दुसरें 'ईस्पीक-एनजी'. जोनाथन डडिंग्टन या गृहस्थांनीं १९९५ च्या सुमारास आरंभलेल्या बोलत्या यंत्राचा हा पुढचा अवतार. २०१५ पासून स्वतंत्रपणें वाढत आहे. त्यांत माणसाचा आवाज सांठविलेला नाहीं. स्वरांच्या लहरी गणितानें घडविल्या जातात. म्हणून तें आकारानें अगदीं लहान आहे आणि त्याला मराठीही येते.

नातीनें आज्ञा वहीवर लिहून दिली: 'सुडो आप्ट इन्स्टॉल एक्सक्लिप ईस्पीक-एनजी'. ही सर्व रोमन लिपींतील लहान अक्षरांत टंकावयाची. 'सुडो' म्हणजे घरधन्याच्या अधिकारानें. 'आप्ट' म्हणजे भांडारांतून माल आणणारा कारभारी. आम्हीं ती टंकली. संगणकानें परवलीचा शब्द मागितला. आम्ही कळा दाबतों, पण पडद्यावर अक्षर नाहीं, टिंब नाहीं, कांहीं नाहीं. कळफलक बिघडला असें समजून आम्हीं तो दोनदां उलटा करून झटकला. मंडळी आंतून म्हणाल्या, "अहो, फोडाल तो!" शेवटीं नातीनें येऊन सांगितलें कीं, शेजाऱ्याला अक्षरांची संख्यासुद्धां कळूं नये म्हणून येथें मुद्दाम कांहींच दिसत नाहीं. डोळे मिटून टंकावें आणि पुढें जावें. त्या क्षणीं वहिनींचें रोजचें जगणें आम्हांला थोडेंसें कळलें.

दोन्ही साधनें बसलीं. आतां त्यांची जोडणी. आज्ञा अशी: 'एक्सक्लिप -ओ | ईस्पीक-एनजी -व्ही एमआर -एस १२०'. 'ओ' म्हणजे निवड बाहेर दे; 'एमआर' म्हणजे मराठी; १२० ही मिनिटांतील शब्दांची गति. न सांगितल्यास हें यंत्र १७५ च्या वेगानें धांवतें, जें वहिनींना झेपेना. परंतु आमचें सगळें लक्ष मधल्या उभ्या दंडावर खिळलें. संस्कृतांत दंड आला कीं वाक्य संपलें. येथें दंड आला कीं डावीकडचें उत्तर उजवीकडच्या हातीं पडतें. आम्हांस एकदम पाणिनीची अनुवृत्ति आठवली. मागल्या सूत्रांतील पद पुढल्या सूत्रांत न लिहितांही चालत येतें, आणि म्हणूनच चार हजारांच्या आंतबाहेर सूत्रांत एवढी भाषा मावते. डग्लस मॅकिलरॉय यांनीं साधनें अशीं जोडण्याचा आग्रह धरला आणि केन टॉम्सन यांनीं १९७३ सालीं तो युनिक्समध्यें उतरविला. नातीला आम्ही अनुवृत्ति समजावून सांगितली. ती म्हणाली, "आजोबा, हें तुम्हीं आधीं सांगितलें असतें तर मला संस्कृतांत जास्त गुण पडले असते."

तथापि यश इतक्यांत नव्हतें. आज्ञा दिली तर यंत्र मुकें, किंवा मागचाच मजकूर पुन्हा वाची. दोन रात्री आम्ही वहींतील अक्षरें तपासलीं, चूक सांपडेना. कारण निराळेंच निघालें. 'एक्स'ची जागा घेण्यासाठीं २००८ पासून 'वेलँड' नांवाची नवी व्यवस्था घडत आली आहे आणि आमच्या संगणकावर तीच चालू होती. तिच्या खिडक्यांतील निवड एक्सक्लिपच्या हातीं भरंवशानें लागत नाहीं. आमच्या संगणकांत प्रवेशाच्या पडद्यावर दातेरी चक्राच्या चिन्हाखालीं जुनी एक्स-पद्धत निवडतां येत होती. ती निवडतांच यंत्र बोलूं लागलें. जेथें ती सोय नसेल तेथें 'डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड' हा संच बसवून 'एक्सक्लिप -ओ' ऐवजीं 'डब्ल्यूएल-पेस्ट -पी' वापरावें.

वहिनींनीं आज्ञा टंकणें शक्य नव्हतें. म्हणून ती एका लहान धारिकेंत लिहिली, त्या धारिकेला चालण्याचा अधिकार दिला, आणि कळफलकाच्या सेटिंग्जमध्यें 'एफ ८' या कळीशीं ती बांधली. 'एफ ९' ला 'पीकिल ईस्पीक-एनजी' ही गप्प करण्याची आज्ञा दिली. सूनबाईंनीं आपल्या पाकिटांतील एक टिकली पहिल्या कळीवर आणि दोन टिकल्या दुसरीवर चिकटविल्या. बोटाला एक लागली तर बोल, दोन लागल्या तर थांब. आमच्या चार रात्रींच्या खटाटोपांत सर्वांत उपयोगी युक्ति हीच ठरली.

आतां सकाळीं कोणी तरी वर्तमानपत्राचें पान उघडून देतें. वहिनी करड्या ठोकळ्यावर बाण नेतात, तीनदां टिचकी देतात म्हणजे सबंध परिच्छेद रंगतो, आणि टिकली दाबतात. कंटाळवाणें भाषण निघालें तर दोन टिकल्या. आमच्यासारखा कोणी परिच्छेद गाळीत नाहीं. गाळावयाचा तो त्या स्वतः गाळतात. पहिल्या दिवशीं त्यांनीं सलग दोन तास ऐकलें आणि दुपारीं आळंदी रस्त्याच्या कामाची बातमी आम्हांलाच सांगितली. पुष्कळ दिवसांनीं बातमी त्यांच्याकडून आमच्याकडे आली.

यंत्राचे दोष लपवीत नाहीं. आवाज पत्र्याचा आहे. चंद्रांतला च आणि चोरांतला च आपण वेगळा बोलतों, पण लिहितों एकच. तेव्हां यंत्रानें अडखळावें यांत नवल नाहीं. दादांचें काशीयात्रेचें टिपण पूर्वीं कोणीं तरी संगणकावर उतरवून ठेवलें होतें. तें यंत्राला देतांच असंबद्ध बडबड ऐकूं आली. तें युनिकोडच्या आधींच्या पद्धतीचें. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आंत रोमन अक्षरेंच असतात. १९९१ पासूनच्या युनिकोडमध्यें मात्र 'क' हा सर्वत्र 'क'च राहतो. म्हणून तें टिपण आम्ही रोज एक पान याप्रमाणें नव्यानें टंकीत आहों. वहिनी दुसऱ्या दिवशीं तें ऐकतात आणि दादांनीं कोठें तिखटमीठ लावलें आहे तें सांगतात.

आमच्या मनांत एक भीति होती, तीही सांगून टाकतों. वाचावयास यंत्र आलें, तेव्हां आतां वहिनींजवळ कोणी बसणार नाहीं. पहिल्या आठवड्यांत तसें झालेंही. सर्वांनाच सुटल्यासारखें वाटलें. मग एके सायंकाळीं वहिनींनीं आम्हांला हांक मारली. स्तोत्रांचें एक पान त्यांनीं यंत्रास दिलें होतें.

"भाऊजी, हा तुमचा वाचक शेवटचें अक्षर खातो."

आम्ही ऐकलें. खरेंच होतें. मराठींत आपण 'राम' म्हणतांना शेवटचा अकार गिळतों; संस्कृतांत तो पुरता उच्चारावा लागतो. यंत्र मराठी शिकलेलें, तें संस्कृतही मराठीसारखेंच वाचणार. आम्हीं हें समजावून सांगितलें.

"मग तें तुम्हीच वाचा," वहिनी म्हणाल्या. "वर्तमानपत्राला तो पुरे आहे."

तेव्हांपासून सायंकाळीं साडेसहा वाजतां यंत्र बंद असतें आणि आम्ही वाचावयास बसतों. पाऊण तास होतो, कधीं तासही होतो. कांहीं गाळीत नाहीं. वहिनींसमोर आतां पुस्तक नसतें आणि असलें तरी त्यांना दिसलें नसतें. पण परवां आम्ही घाईंत एक विसर्ग सोडला, तेव्हां त्यांनीं हातांतली जपमाळ थांबविली आणि म्हणाल्या, "टिंबें, भाऊजी."