शिटी वाजण्यापूर्वी

शाळेचे हे वार्षिक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा ज्या सामन्याविषयी आम्ही लिहीत आहोत तो होऊन कित्येक महिने लोटलेले असतील. कोण जिंकले व कोण हरले, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असेल. हा लेख मात्र ते न जाणताच बोलत राहील. संपादकांनी ही अडचण आमच्या नजरेस आणली होती. तथापि सामना झाल्यावर लिहिण्याजोगे जे असते ते कोणीही लिहू शकतो. सामन्यापूर्वी जे लिहावयाचे, ते पूर्वीच लिहिले पाहिजे, असे आमचे मत पडले. वाचकांनी या हट्टाबद्दल क्षमा करावी.

जुलै महिना लागला आहे. मैदानावर गवत घोट्यापर्यंत वाढले आहे, आणि प्रघाताप्रमाणे फुटबॉलच्या हंगामाचा पहिला सामना ओढ्यापलीकडच्या शाळेशी येत्या शनिवारी आमच्याच मैदानावर व्हावयाचा आहे. त्या शाळेला चांगले भारदस्त नाव आहे. परंतु आमची मुले तिला केवळ ‘पलीकडची’ म्हणतात. तिकडची मुले आम्हासही तेच म्हणत असतील, यात संशय नाही.

उभय पक्षांच्या बलाबलाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. आमचे फॉरवर्ड चपळ आहेत, पण चेंडू पायाशी आला की दुसऱ्यास देण्याचे त्यांच्या जिवावर येते. आमची बचावाची फळी उंच व धिम्मी आहे. उत्तरेकडील गोलपुढे पाणी साचते, तेव्हा नाणेफेकीस या वेळी विशेष महत्त्व राहील. प्रतिपक्षाचे अंग धिप्पाड नाही. पण त्यांचा नवा गोलरक्षक आमच्या प्रत्येक फॉरवर्डची खोड जाणतो. कारण उघड आहे. गतवर्षी तो आमच्याच शाळेत होता.

गेल्या सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यातून जात असता नववीच्या वर्गातून समूहस्वरात एक पद्य ऐकू आले. ते या गोलरक्षकावर रचलेले होते. तो मुलगा पहाटे घरोघर दुधाचा रतीब घालतो; त्या दुधाच्या किटलीवरून व त्याच्या फाटक्या बुटांवरून कवींनी आपली प्रतिभा खर्ची घातली होती. सायंकाळपर्यंत ते पद्य मोबाइलवरून गावभर झाले. वर्गात शिरून चार शब्द सुनवावेत म्हणून आम्ही दारापर्यंत गेलोही. पण पाऊल आत पडेना. का पडेना, ते पुढे सांगू. त्या क्षणी आम्हास १९९७ सालचा कलकत्त्यातील एक दिवस आठवला.

त्या वेळी आम्ही वीस वर्षांचे असून हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथील कॉलेजात शिकत होतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर ते हे नव्हे. विल्यम केरी यांनी १८०५ साली जेथे मराठी भाषेचे व्याकरण छापले, ते हे श्रीरामपूर. आमच्या खोलीत दोन बंगाली सोबती होते. एकाचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या पश्चिम बंगालातले, म्हणजे ‘घोटी’, व तो मोहनबागानचा कडवा पक्षपाती. दुसऱ्याचे आजोबा फाळणीच्या वेळी घरदार टाकून पद्मेपलीकडून आलेले, म्हणजे तो ‘बांगाल’, व अर्थातच ईस्ट बंगालचा. मोहनबागान जिंकले की पहिल्याने चिंगडी म्हणजे कोळंबी आणावी आणि ईस्ट बंगाल जिंकले की दुसऱ्याने इलिश मासा आणावा, असा त्या शहरातील घरोघरचा रिवाज. आम्हास फुटबॉलचे ज्ञान बेताचेच होते. पण दोन्ही पक्षांचे मासे आम्ही निःपक्षपातीपणे खाल्ले आहेत.

१३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर फेडरेशन कपाचा उपांत्य सामना या दोन संघांत होता. मोहनबागानचे प्रशिक्षक अमल दत्त हे मोठे कल्पक गृहस्थ. त्यांच्या ‘डायमंड’ रचनेचा त्या स्पर्धेत बराच बोलबाला झाला होता. सामन्यापूर्वी त्यांनी प्रतिपक्षाच्या खेळाडूंच्या नावांवर कोट्या केल्या. भाईचुंग भुतिया यास ‘चुंगचुंग’ म्हटले, ओमोलो यास ‘ऑम्लेट’ म्हटले, आणि सोसो यास ‘शशा’, म्हणजे बंगालीत काकडी, असे नाव दिले. आठवडाभर आमच्या खोलीत या कोट्यांचा नुसता जयघोष चालला होता. बांगाल सोबती मुकाट्याने ऐकून घेई.

त्या दिवशी सुमारे १ लाख ३१ हजार लोक मैदानावर लोटले होते. त्यांत आम्ही तिघे. ईस्ट बंगालने ४ विरुद्ध १ गोलांनी सामना जिंकला, आणि चारांपैकी तीन गोल त्या ‘चुंगचुंग’ने केले! परतीच्या लोकल गाडीत घोटी सोबत्याने एक अक्षरही उच्चारले नाही. रात्री बांगाल सोबत्याने इलिश आणला, शिजवला, आणि पहिला तुकडा त्याच्या ताटात वाढला. वाढताना तोही काही बोलला नाही. आम्ही पाहत होतो. घोट्याने बराच वेळ ताटाकडे पाहिले व मग तो जेवला. आठवडाभर हसलेल्या त्या कोट्यांतली एकही नंतर त्या खोलीत ऐकू आली नाही.

या वैराचा उगम मागाहून आम्ही जिज्ञासेने शोधला. मोहनबागान क्लबची स्थापना १८८९ सालची. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघास २ विरुद्ध १ गोलांनी हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट घालून खेळले ते एकटे सुधीर चॅटर्जी. ते भवानीपूरच्या मिशन कॉलेजात शिकवीत असत व पुढे धर्मोपदेशक झाले. कप्तान शिवदास भादुडी हे तर पूर्व बंगालातील फरीदपूरचे. त्या दिवशी घोटी कोण व बांगाल कोण, हे कोणी विचारले नाही.

पुढे २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार कपात मोहनबागानशी सामना असता, जोडाबागान या संघाने शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूस वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी त्यास घेण्याविषयी पुष्कळ विनविले. कोणी ऐकले नाही. तेव्हा ते क्लब सोडून बाहेर पडले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल क्लब जन्मास आला. २८ मे १९२५ रोजी लीगमध्ये उभय संघांची पहिली गाठ पडली, आणि नेपाल चक्रवर्ती यांच्या एका गोलाने नवा संघ जिंकला. शंभर वर्षांची ही चुरस, आणि तिच्या मुळाशी काय? सामन्यापूर्वी यादीतून खोडलेले एक नाव!

ही चुरस नेहमीच माशांच्या ताटापाशी संपली असे मात्र नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली व चेंगराचेंगरीत १६ माणसे प्राणास मुकली. घरून फुटबॉल पाहण्यास म्हणून निघालेली ती माणसे! उलट, १८ ऑगस्ट २०२४ रोजी ड्युरँड कपातील त्यांचा सामना बंदोबस्ताच्या कारणास्तव रद्द झाला. त्याच महिन्यात शहरात एका तरुण स्त्री-डॉक्टरची हत्या झाली होती. सामना नसतानाही दोन्ही संघांचे पाठीराखे आपापल्या रंगांचे सदरे घालून स्टेडियमबाहेर जमले व तिच्यासाठी एका स्वरात न्याय मागू लागले. लाल-सोनेरी आणि हिरवे-मरून रंग त्या दिवशी एका गर्दीत मिसळले होते.

आता व्हरांड्यात आमचे पाऊल का अडले ते सांगतो. गतवर्षी शाळेच्या संघाची निवड करणाऱ्या मंडळात आम्ही होतो. सकाळी सहाच्या सरावास तीन वेळा उशीर झाला की नाव काढावयाचे, असा नियम आम्हीच केला होता. तो मुलगा रतीब घालून येई. त्यास तीन वेळा उशीर झाला. नियम तो नियम, असे म्हणून आम्ही स्वहस्ते त्याचे नाव खोडले. उशीर का होतो, हे त्यास एकदाही विचारले नाही. जूनमध्ये तो शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ओढ्यापलीकडे गेला. नववीच्या मुलांनी किटलीवर पद्य रचले खरे; पण त्या किटलीपायी त्यास प्रथम बाहेर काढले ते आम्ही. मग कोणत्या तोंडाने रागवावे?

परवा तो बाजारात भेटला. सायकल थांबवून म्हणाला, “नमस्कार सर. उत्तरेच्या गोलपुढं अजून पाणी साचतं का?”

“साचते,” आम्ही म्हणालो.

“मग पहिल्या डावात मला ती बाजू नको!” असे म्हणून तो हसला व निघून गेला. त्या पद्याविषयी त्याने अवाक्षर काढले नाही. ते त्याच्या कानी गेले नसेल असे मात्र नाही.

शुक्रवारी सायंकाळी आम्ही ओढा ओलांडून त्याच्या घरी जाणार आहोत. आमची चूक झाली, एवढे एक वाक्य त्यास सांगावयाचे आहे. ते सामन्यापूर्वीच सांगितले पाहिजे. आम्ही जिंकल्यावर सांगितले तर ती दया दिसेल, आणि हरल्यावर सांगितले तर ती खुशामत. शिटी वाजण्यापूर्वी मात्र त्या वाक्याची किंमत कोणत्याही गोलाने कमी-जास्त व्हावयाची नाही. आल्यावर नववीच्या वर्गात जाऊन हीच हकीकत सांगू. पद्याचे काय करावयाचे ते मग त्या कवींनी ठरवावे.

बाकी, शनिवारी आपल्या शाळेसाठी घसा बसेपर्यंत ओरडावे, यास आमची पूर्ण संमती आहे. आम्हीही ओरडणार आहोत. सामना बरोबर साडेचार वाजता सुरू होईल. पालकांसाठी दक्षिण बाजूस बाके मांडली जातील. आभाळाचा भरवसा नाही, तेव्हा प्रत्येकाने छत्री आणावी; आणि शेजारी पलीकडचा कोणी भिजत असेल, तर ती थोडी त्याच्याकडे कलती धरावी.